निखिल महाजनचा पत्ता

पुण्याला मी याआधीही गेले होते, पण दरवेळी कुठल्यातरी परिषदेच्या सभागृहातून परस्पर स्टेशन गाठलं होतं. या खेपेला शहर बघितलं. ज्यांनी पुणं पाहिलेलं नाही अशा आमच्या नागपूरकडच्या वाचकांसाठी हे लिहिते आहे. मात्र पर्वती, बाकरवडी आणि दुपारी बंद असणारी दुकानं यांची माहिती हवी असेल, तर त्यांनी दुसऱ्या कुणाचा लेख शोधावा.

मी समाजकार्य शिकवते. क्षयरोग आणि जात हे दोन विषय तरुणपणीच मानेवर बसले ते उतरले नाहीत. दवाखान्यांशी भांडणं, सरकारी समित्या, मोर्चे आणि वर्गातले तास यांत नोकरी सरत आली. निवृत्ती जवळ आल्यावर कंपन्यांना अचानक माझी आठवण व्हायला लागली. काचेच्या इमारतींतल्या साहेबलोकांना हल्ली ‘विविधता’ या विषयावर व्याख्यान हवं असतं. ते येण्याजाण्याचं तिकीट देतात आणि शाल-श्रीफळ देत नाहीत, म्हणून मी जाते. हिंजवडीच्या अशाच एका कंपनीने बोलावलं आणि हा प्रवास घडला.

निघायच्या आदल्या दिवशी शशिकलाबाई घरी आल्या. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्या शिपाई आहेत. नवरा लवकर गेला. निखिल हा एकुलता एक मुलगा ग्रंथालयाच्या टेबलावर गृहपाठ करत माझ्या डोळ्यांसमोर मोठा झाला, इंजिनिअर झाला आणि पुण्याला नोकरीला लागला. बाईंनी पिशवीत मुंगवड्या आणि भिवापुरी मिरचीच्या ठेच्याची बाटली आणली होती.

“मॅडम, पोरगा काहून फोन उचलत नाही जी? उचलला तं दोन शब्द बोलते अन् ठेवून देते. तुमी जाऊन पाहून या ना.”

पैशाच्या पाकिटावर मागे त्याने पत्ता लिहून पाठवला होता, तो फाडून त्यांनी मला दिला. बरोबर त्याचा एक फोटोही दिला. मी त्याला ओळखत नाही की काय, असं म्हणून मी हसले, पण फोटो पर्समध्ये टाकला.

शनिवार पेठ

पहाटेच्या पुण्यात आमच्याकडे डिसेंबरात असते तशी थंडी होती. रिक्षावाल्याने पत्ता ऐकला, पिशवी बघितली आणि “तिकडून रिकामं यावं लागतं” असं म्हणून तोंड फिरवलं. दुसऱ्याने नेलं. नागपूरचा रिक्षावाला नेईल, जास्त पैसे मागेल, आणि वाटेत तुमच्या मुलांची लग्नं झाली का ते विचारेल. पुण्याच्या रिक्षावाल्याने वाटेत एक अक्षर काढलं नाही आणि उतरताना सुटे मागितले.

वाडा पाडून बांधलेली चारमजली इमारत होती. खाली मोबाइल फोनचं नवं दुकान होतं. तिसऱ्या मजल्यावर ‘लेले’ अशी पाटी. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या, ताठ, हातात गाळणं.

“निखिल गजभिये इथे राहतात ना?”

“या नावाचं इथे कोणी राहत नाही.” त्या दार लावायला लागल्या. मग थांबल्या. “निखिल महाजन राहतात. तेही नागपूरचेच. तुम्हाला ते हवेत का?”

एवढ्यावर मला सगळं कळलं. कसं कळलं ते आमच्यातल्या कोणाला सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही. शिकवून आणल्यासारखं माझ्या तोंडातून आलं, “हो, महाजनच. गजभिये माझं आडनाव. घाईत उलटसुलट बोलले.”

माझं आडनाव गजभिये नाही. पण त्या उंबऱ्यावर कोणीतरी एकाने गजभिये असणं भाग होतं.

लेलेबाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं आणि आत बोलावलं. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला. चहा चांगला होता. निखिलबद्दल त्या भरभरून बोलल्या. मागची खोली त्याला दिली होती. रात्रपाळी करून सकाळी कंपनीच्या गाडीतून उतरतो, कधी आवाज नाही, मित्रांचा गोंधळ नाही. गणपतीत त्यांच्या यजमानांचे गुडघे धरले होते, तेव्हा आरतीचं तबक यानेच धरलं.

“हल्ली वाळलाय मात्र. जागरणं, दुसरं काय. मी म्हटलं, डबा बंद करा तुमचा तो, आमच्यातच दोन घास खा. तर नको म्हणाला. खोलीतच बसून खातो, खिडकी उघडी टाकून. थंडीचीसुद्धा.”

आतून म्हाताऱ्या माणसाचा खोकला आला. बाई म्हणाल्या, “हे आमचे हे. दिवाळीपासून चाललंय. साखर आहे, त्यात हा खोकला.”

खोलीतच जेवणारा, खिडकी उघडी टाकणारा, वाळत चाललेला मुलगा आणि घरात दुसऱ्याला खोकला. क्षयाबद्दल मी वर्गात सांगते ते सगळं इथे जुळत होतं. निखिल कुठे आहे असं विचारलं तर बाई म्हणाल्या, कंपनीने ट्रेनिंगला बंगलोरला पाठवलंय, परवाच गेला, पुढच्या आठवड्यात येईल.

हिंजवडी

रस्त्याच्या एका बाजूला नांगरलेली शेतं आणि दुसऱ्या बाजूला निळ्या काचा. काचांवर बाहेरून पाणी मारणारी माणसं दोरीला लटकलेली. आत गारठा इतका की मी शाल पांघरून बोलले. पंचवीस-तीस मॅनेजर समोर होते, तरुण, नीटनेटके, ऐकून घेणारे. एकाने हात वर केला.

“मॅडम, ॲक्चुअली इथे कास्ट वगैरे कोणी विचारतच नाही. आम्ही फक्त टॅलेंट बघतो.”

“छान,” मी म्हणाले. “तुम्ही भाड्याने राहता का?”

“हो.”

“घरमालकाने काय विचारलं?”

“व्हेज की नॉनव्हेज.” सगळे हसले.

“आणि नंतर?”

“आडनाव,” मागून एक मुलगी म्हणाली. ती हसत नव्हती. तिच्याकडे कोणी वळून बघितलं नाही. एरवी अशा जागी मी वर्गाला सोडत नाही, धरून ठेवते. त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी पुढची पारदर्शिका लावली आणि व्याख्यान उरकलं. टाळ्या भरपूर झाल्या.

कसबा पेठ

माझी मुक्कामाची जागा शमीमकडे होती. शमीम शेख माझी जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन पुण्यात आली, आणि आता एका क्षयरोग केंद्रावर पर्यवेक्षक आहे. सासर पिढ्यान्‌पिढ्या कसब्यातलं. खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, वर घर. दिवसभर तांबटांची ठोकाठोक चालू असते, आणि ती थांबली की घरातल्यांना चुकल्यासारखं होतं. शमीमच्या सासूबाईंनी दालचा-खाना केला होता. आमच्या सावजीसारखा तिखटजाळ नाही, आंबट आणि मऊ. भूक असूनही मला जेवण गेलं नाही.

मी तिला सकाळची हकीकत सांगितली. गजभिये हे नाव ऐकल्यावर तिचा हात ताटातच थांबला.

“मॅडम, पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

“मग सांगू नकोस.”

तिने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “त्याचा डबा माझ्या केंद्रावर पडून आहे. बंद.”

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधाचा डबा केंद्रावर वेगळा ठेवतात, संपूर्ण उपचाराचा. रुग्णाने यायचं आणि कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या. पण डबा उघडण्याआधी कर्मचाऱ्याने रुग्णाच्या घरी जाऊन यायचं असतं. घर खरंच आहे का, तो तिथे राहतो का, उद्या आला नाही तर शोधायचा कुठे, घरात आणखी कोण खोकतंय. हिला आम्ही गृहभेट म्हणतो, आणि ती माझ्या जिवाभावाची गोष्ट आहे. पत्ता ऐकून लिहू नका, उंबऱ्यावर उभे राहून लिहा, हे मी इतक्या वर्गांना सांगितलं आहे की माझे विद्यार्थी माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणतात.

निखिलला केंद्रावर खरं नाव सांगावं लागलं, कारण आधीचे कागद नागपूरचे होते. नोकरीआधी त्याने तिथे उपचार सुरू केले होते, बरं वाटल्यावर आणि नोकरी लागल्यावर सोडले होते. आणि खरा पत्ता सांगितला असता तर खरं नाव विचारत कर्मचारी लेल्यांच्या दारात उभा राहिला असता. म्हणून त्याने शहराबाहेरच्या मांजरी गावचा पत्ता दिला, कॉलेजमधले मित्र राहायचे तिथला. शमीम स्वतः दोनदा जाऊन आली. कुलूप होतं. डबा उघडला गेला नाही आणि निखिल पुन्हा केंद्रावर फिरकला नाही.

मी नियमाला दोष देत नाही. दुसऱ्या हजार लोकांचे प्राण या नियमाने वाचवले असतील. पण त्या संध्याकाळी मला माझ्याच वाक्याची शिसारी आली.

मांजरी

बंगलोरच्या ट्रेनिंगवर आमचा विश्वास बसला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मांजरीला गेलो. शमीमने केंद्रातून रजा टाकली. उसाच्या फडांमध्ये मध्येच इमारती उगवलेल्या, कुणाला गॅलऱ्या आहेत तर कुणाला अजून भिंती नाहीत. उसाच्या ट्रॉल्या आणि सिमेंटचे ट्रक एकाच धुळीच्या रस्त्यावरून चालले होते. दिलेल्या पत्त्यावर तेच कुलूप होतं. समोरच्या टपरीवाल्याला शमीमने नाव विचारलं.

“त्या नावाचं हितं कोन न्हाय ताई. मागंबी सांगितलं की तुमास्नी.”

मग मी पर्समधला फोटो काढून दिला. त्याने तो उन्हात धरला.

“ह्यो व्हय? ह्यो हाय की. तीन दिस झाले आलाय. त्या पलीकडच्या बिल्डिंगीत, वाचमनच्या खोलीत पडून हाय. लय खोकतंय बगा पोरगं.”

खोलीला दार नव्हतं, पोतं लावलेलं होतं. निखिल जमिनीवर सतरंजीवर पडला होता, शर्ट-पँट कंपनीत जायची, पायात मोजे. खोकल्यातून रक्त पडायला लागल्यावर लेलेबाईंना दिसेल म्हणून तो बंगलोरचं सांगून घरातून निघाला होता. जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून खोट्या पत्त्यावर आला होता. मित्र कधीच खोली सोडून गेले होते. वॉचमन बिहारकडचा होता, त्याने ना नाव विचारलं ना आजार. दोन वेळा भात देत होता.

मला बघून निखिल उठून बसायला लागला. “मॅडम, आईला...” एवढंच म्हणाला आणि खोकत राहिला. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर फासळ्या लागल्या. मी फार माणसं अशी पाहिली आहेत, पण ती माझ्या ग्रंथालयात पाढे म्हणत मोठी झालेली नव्हती. मला रडू आवरलं नाही.

रुग्णालय

छातीच्या रोगांचं सरकारी रुग्णालय गावाबाहेर, झाडांत होतं. पुण्यातली मला सगळ्यांत आवडलेली जागा तीच, मोठे जुने वृक्ष, लांब व्हरांडे, भारद्वाजाचं ओरडणं. वॉर्डात शिरलं की वास यायचा. डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं: अर्धवट उपचारांमुळे साध्या औषधांना आजार जुमानत नाही, दोन्ही फुप्फुसं गेलेली आहेत, प्रयत्न करू. मी शशिकलाबाईंना फोन केला. त्यांना दुसऱ्या दिवशीची गाडी मिळाली.

मी परतीचं तिकीट रद्द केलं आणि राहिले. पहिले दोन दिवस त्याला बरं वाटलं. कोपऱ्यातल्या हॉटेलातून मी त्याला इडली नेत असे. एकदा त्याने ठेचा मागितला, जिभेला लावला, ठसका लागला, आणि तरी हसला. त्या दिवशी तो मोकळेपणाने बोलला.

“लेलेकाकूंना सांगू नका, मॅडम.”

“आजाराचं?”

“दोन्ही.”

“त्या वाईट वाटल्या नाहीत मला.”

“वाईट नाहीतच. म्हणून तर.” मग भिंतीकडे बघत म्हणाला, “काका खोकतात. माझ्यामुळेच ना?”

“ते तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणूनच सांगायला हवं.”

त्याने धाप आवरली. “मीच सांगतो. मला जरा उभं राहता येऊ द्या. तिथे जाऊन माझ्या तोंडाने सांगतो, नावासकट. तुम्ही सांगितलं तर मी पळून गेलो असं होईल.”

मी हो म्हणाले. शमीम माझ्यावर व्हरांड्यात उखडली. “मॅडम, घरातल्यांची तपासणी लांबवायची नाही. म्हातारा माणूस आहे, साखर आहे. मी आज जाते.”

“सोमवारपर्यंत थांब. त्याला एवढं एकच मागायचं आहे.”

“आणि काका?”

ती माझी विद्यार्थिनी आहे आणि तिचं बरोबर होतं. तरी ती थांबली, माझा मान राखून.

शनिवारी सकाळी शशिकलाबाई आल्या. त्याने त्यांना ओळखलं, त्यांच्या हातचं पाणी प्यायला. दुपारी त्याला मोठी उलटी झाली, सगळी रक्ताची, आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. बाईंनी एकदाच हंबरडा फोडला. मग त्या त्याच्या पायांतले मोजे काढून घडी घालत बसल्या, ते हातातून कोणी घेऊ शकलं नाही.

जवळच्या बौद्ध विहारातले चार लोक आले. ओळख ना पाळख, पण नाव ऐकून आले. त्रिशरण-पंचशील झालं. शमीम पदर डोक्यावर घेऊन माझ्याशेजारी उभी होती. निखिल गजभिये हे नाव त्या शहरात मी पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने घेतलेलं ऐकलं, ते स्मशानात.

पुन्हा शनिवार पेठ

सोमवारी मी त्याचं सामान आणायला गेले. शशिकलाबाई कसब्यात शमीमच्या सासूबाईंजवळ बसल्या होत्या. त्यांना जिने चढायचं बळ नव्हतं, आणि मीही आग्रह केला नाही.

लेलेबाईंनी दार उघडलं. “या. महाजन आले का बंगलोरहून?”

“बसून बोलू या,” मी म्हणाले. बसल्यावर सांगितलं की निखिल शनिवारी वारला, क्षयाने, आणि बंगलोरला तो गेलाच नव्हता.

बाईंचा हात गळ्याशी गेला. मग आतल्या खोलीकडे बघून मी पुढचं सांगितलं: काकांची तपासणी उद्याच व्हायला हवी, बाईंचीही, केंद्र जवळच आहे, शमीम नावाची माझी विद्यार्थिनी तिथे भेटेल. मला वाटलं होतं आता आवाज चढेल. तसं काही झालं नाही.

“माझ्या सासऱ्यांना झाला होता,” त्या म्हणाल्या. “मीच केलं सगळं त्यांचं. थुंकीचं भांडंसुद्धा. मला घाबरला हा मुलगा? अहो, मी पथ्याचं करून घातलं असतं. एका शब्दाने बोलला असता तर.” त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. “उद्या सकाळी नेते यांना. तुम्ही काळजी करू नका.”

त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्याची बॅग घेऊन आल्या. वर शर्ट होते, इस्त्री केलेले. “तो येईल म्हणून करून ठेवले होते,” त्या म्हणाल्या. माझा धीर तिथे सुटत आला. वाटलं, आता उठावं, जिना उतरावं, आजाराचं सांगून झालं आहे, बाकीचं कुणाला हवंय. या बाईंच्या मनात तो जसा आहे तसा राहू द्यावा. पण त्याला ‘दोन्ही’ सांगायचं होतं.

“दिवस कधी आहेत?” बाईंनी विचारलं. “त्याच्या आईला माझ्याकडून काही पाठवायचंय.”

“आमच्यात दिवस करत नाहीत.”

“तुमच्यात नसतील हो. महाजनांकडे विचारते मी.”

“महाजन नव्हता तो,” मी म्हणाले. “मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. गजभिये त्याचं आडनाव. तो उभं राहता आलं की स्वतः येऊन तुम्हाला सांगणार होता.”

आत काका खोकले, थांबले, पुन्हा खोकले. बाईंची नजर एकदा देवघराकडे गेली आणि परत आली. बॅगेचा पट्टा अजून त्यांच्याच हातात होता.

“सांगायचं होतं त्याने,” त्या हळू म्हणाल्या. “पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. एवढं काय मनात ठेवायचं?”

“सांगितलं असतं, तर खोली दिली असती?”

त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला. नजर वळवली नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नसती दिली.”